तिसऱ्या रिचर्डच्या पाठीवरची उशी

दारव्हा, १४ डिसेंबर २००६, संध्याकाळ

तालमीत आज नाट्यमंडळाच्या अध्यक्षांशी वाजलं. माझ्या नाटकातल्या इंग्लंडच्या राजाच्या, तिसऱ्या रिचर्डच्या पाठीवर त्यांना कापसाची उशी बांधायची आहे. किती वेळा सांगू, त्याचा एक खांदा जरा वर होता, एवढंच. कुबड चढवलं ते त्याला हरवणाऱ्यांच्या बखरकारांनी, आणि नाटकवाल्यांनी ते फुगवलं.

"कुबड नसलं तं तो दुष्ट हाय हे लोकायले कसं समजन?" अध्यक्ष म्हणाले. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवलेला माणूस हा! कापसाला भाव नाही, पण बदनामीसाठी उशीभर कापूस लगेच निघतो.

पडद्याआड आमचा प्रॉम्प्टर मनोहर बसला होता. त्याच्या पाठीला जन्मापासून बाक आहे. वीस वर्षांत त्याला कोणी रंगमंचावर आणलं नाही. मी तरी कुठे आणलं? तो वही मिटून म्हणाला, "मंग अध्यक्षसाहेब, मी कोणाचा खून केला थे बी सांगून टाका."



"उशी नाही तं नाटक नाही," अध्यक्ष.

"ठेवा तुमचा रंगमंच," म्हटलं. "आम्ही आठवडी बाजारात करू. राजा मनोहर."

सगळे संवाद त्याला पाठच आहेत. घरी येताना म्हणाला, "भाऊ, राजाले निरा साधू नोका बनवू. वीस वर्सानं संधी भेटली. थोडं वाईट बी वागू द्या ना."

बरोबर आहे त्याचं. राजाला साधू करणारा पहिला प्रवेश फाडलाय.