यान विहिरीकडे वळलं त्याची हकिकत

तांडा, डोंगरकड्याजवळ
१० मार्च

तीर्थरूप रूपाबाईस,

धाकटा भाऊ प्रेमसिंग याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? नव्या गोळ्यांनी पित्त वाढतं असं तू म्हणाली होतीस, तर त्या जेवण झाल्यावरच घेत जा. दाजींचा खोकला उतरला का? औंढ्याला आता ऊन तापायला लागलं असेल, भर दुपारी दुकानात बसू नका. इकडे सगळे ठीक आहेत. एवढं लिहून मी थांबलो आणि हे कितपत खरं आहे ते डायरी काढून तपासलं. म्हैस बरी आहे, हरभरा निघाला, मी दोन वेळा जेवतो. तरी 'सगळे' या शब्दाखाली मी पेन्सिलीने रेघ ओढून ठेवली आहे. तो शब्द पत्राच्या शेवटी पुन्हा वाच.

फोन असताना हे पत्र काहून लिहितो, असं तुला वाटेल. फोनवर बोलताना माझा आवाज मलाच ऐकू येतो आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवायला लागतो. कागदावर खोडता येतं. शिवाय आपल्या घराला पत्रांची सवय आहे. लग्नानंतर तुझी पत्रं यायची, ती पोस्टमन आपल्या धाकट्या जगनच्या हातात द्यायचा, जगन ती गोठ्यामागे बसून आधी स्वतः वाचायचा, भाताच्या शिताने पाकीट परत चिकटवायचा आणि गरीब चेहरा करून आपल्या आईच्या, याडीच्या, हातात ठेवायचा. (याडी म्हणायची, रूपाच्या गावचा डिंक फार गोड वासाचा आहे. तिला कळत होतं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.)

आता मूळ गोष्ट. सव्वीस जानेवारीला काय झालं ते तू दवाखान्यात ऐकलंस, आणि ऐकून माझ्या तोंडात पेढा घातलास. तू ऐकलंस ते खोटं नव्हतं. अर्धं होतं. उरलेलं अर्धं सहा आठवडे माझ्याकडे पडून आहे.

त्या दिवशी डोंगरकड्याला चित्ररथांची मिरवणूक होती. तुमच्या औंढ्याजवळ आकाशातल्या लहरी टिपायची प्रयोगशाळा उभी राहते आहे, म्हणून आपल्या तांड्यानेही या वर्षी आकाशच दाखवायचं असं बैठकीत ठरलं. तांड्याचं वाचनालय मी चालवतो, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि लिहिलं म्हणून यानाचा नायकही मीच झालो. लिहिता येतं एवढ्यावरून माणसाला नायक करू नये, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. (डायरीत त्या रात्री 'जबाबदारी आली' असं लिहिलं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे 'आणि आनंदही झाला' असं वाढवलं आहे.)

यान म्हणजे तांड्यातल्या सेवाच्या ट्रॅक्टरची ट्रॉली. तिच्यावर हळद पॉलिश करायचा मोठा ढोल आडवा बांधला, त्याला चंदेरी कागद चिकटवला, मागे जुन्या कूलरचा पंखा लावला. यान पुढे गेलं की रस्त्यावर हळदीचा वास राहायचा. अंगणवाडीच्या बेबीबाई यानाच्या डॉक्टर होत्या. शेजारच्या गावचा दगडोबा यंत्रमानव होता. तो दिवसाकाठी चार शब्द बोलतो, म्हणून त्याला एकच वाक्य दिलं होतं, 'सूचना मिळाली.' तेलाचे डबे कापून त्याच्या अंगाभोवती आणि मांड्यांभोवती बसवले होते, त्यामुळे त्याला बसता येत नव्हतं आणि उभं राहण्याचीही खात्री नव्हती. माझ्या डोक्यावर पाण्याचा वीस लिटरचा जार कापून केलेलं शिरस्त्राण होतं, आत माइक. श्वास सोडला की जारवर वाफ धरायची आणि समोरचं विश्व नाहीसं व्हायचं. यानाला पडदा हवा म्हणून माझा फोन समोरच्या फळीवर रबराने बांधला होता.

नाटुकलं साधं होतं. यान घरी परतत असतं. अचानक कुठल्याशा अनोळखी ग्रहावरून संकटाची हाक येते. डॉक्टर म्हणते, इंधन कमी आहे. यंत्रमानव म्हणतो, सूचना मिळाली. आणि नायक आपल्या आजोबांचं सांगतो. आपले लोक लादलेले बैल घेऊन मुलूख तुडवायचे, तेव्हा रानातून कुणाची हाक आली तर तांड्याचा नायक म्हणायचा, हाक कुणाची ते मागून बघू, आधी बैल वळवा. तर मीही म्हणायचं, 'हाक कुणाची ते मागून बघू, आधी यान वळवा.' त्यावर सेवाने ट्रॅक्टर अर्धा वळवायचा आणि लोकांनी टाळ्या वाजवायच्या. तालमीत हे वाक्य ऐकून बेबीबाईंनी पदर डोळ्यांना लावला होता. मी ते पाहिलं, आणि वाक्य आणखी सावकाश म्हणायला लागलो.

इथे विहिरीचं लिहावं लागेल. तुला सगळं माहीत आहे, पण मला ते माझ्या हाताने लिहायचं आहे. माझ्यात आणि जगनमध्ये सहा वर्षं अबोला होता, तो सामाईक विहिरीच्या लोखंडी शिडीवरून. तिच्या तीन पायऱ्या गंजून गेल्या होत्या. माझं म्हणणं, त्याच्या मोटारीचा पाइप काढताना धक्का लागून त्या खिळखिळ्या झाल्या, त्यानेच दुरुस्त कराव्यात. त्याचं म्हणणं, मी थोरला आहे, शहाणपण शिकलेला आहे, मी कराव्यात. वेल्डरचं अर्ध्या दिवसाचं काम. सहा वर्षं आम्ही दोघेही त्या तीन पायऱ्या सोडून पाय टाकत विहिरीत उतरलो, आपापल्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी. माझ्या फोनमध्ये त्याचं नावसुद्धा मी 'विहीर' असं टाकलं होतं. भावाचं नाव पडद्यावर दिसलं की मन दुखायचं, विहिरीचं दिसलं की नुसता राग यायचा. राग सोपा पडतो.

सव्वीस तारखेला तांड्यातून निघालो. आपल्या शेताच्या कडेने रस्ता जातो तिथे सेवाने यान हळू केलं, कारण मोठ्या मिरवणुकीत मिसळण्याआधी मला दोन-तीनदा भोंग्यावरून सगळं म्हणून बघायचं होतं. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी समोरचा पडदा उजळला. 'विहीर.' मी फोन कापला. मला वाटलं, आज पाळी माझी आहे आणि मी मोटार लावली नाही, त्यावरून भांडायला करत असेल. नऊ त्रेचाळीसला पुन्हा. मला वाटलं, माझ्या अंगावर चंदेरी कागद त्याला बघवत नाही. (बाई, तो मला बघू शकत नव्हता. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं.) नऊ अठ्ठेचाळीसला तिसऱ्यांदा आला, तेव्हा मी वाक्याच्या मधोमध होतो. तोंडाने 'हाक कुणाची ते मागून बघू' म्हणत होतो आणि अंगठ्याने ती हाक कापत होतो. दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्हींत चूक झाली नाही. वाक्य त्या दिवशी सगळ्यांत चांगलं वठलं.

नऊ पंचावन्नला फोन बेबीबाईंना आला. त्यांनी ऐकलं आणि त्या किंचाळल्या, "प्रेमभाऊ, जगनभाऊ विहिरीत पडले! आपल्या विहिरीत!" दगडोबा सरळ समोर बघत म्हणाला, "सूचना मिळाली." बेबीबाईंनी त्याच्या डब्यावर अशी चापट मारली की भोंग्यावर घंटा वाजल्यासारखं झालं. "आरं खरंच पडले! खरंच!" मी काय केलं ते तुला लोकांनी सांगितलं, की नायकाने लगेच यान वळवायला सांगितलं. नायकाने काही सांगितलं नाही. जारवर वाफ होती आणि मी तिच्या आत उभा होतो. सेवाने कुणाला न विचारता ट्रॅक्टर हळदीत घातला.

तुझ्या भावाला बाहेर काढलं ते या तिघांनी. ढोलाचे दोर सोडले (ढोल ट्रॉलीवरून घरंगळत सगळ्या हळदीवरून फिरला आणि बांधाला जाऊन टेकला), शेतातल्या आखाड्यावरच्या झोपडीतली बाज आणली, तिचे चारी पाय दोरांनी बांधून ती खाली सोडली. खाली उतरणार कोण? दगडोबाचे वाडवडील विहिरी बांधायचे. तो म्हणाला, "म्या जातो." एवढंच. पण डब्यांमुळे त्याला वाकता येईना, तेव्हा बेबीबाईंनी विळ्याने त्याचे बंद कापले आणि यंत्रमानव नुसत्या बनियनवर दोराला धरून उतरला. मी काठावर. "प्रेमभाऊ, ते भांडं डोक्यातून काढा आधी, अन् दोराला हात लावा!" हे बेबीबाई माइकपाशी ओरडल्या, त्यामुळे दोन गावांनी ऐकलं. भांडं कानांत अडकलं होतं. ओढून काढलं तेव्हा डाव्या कानामागे जी जखम झाली, ती लोकांनी दवाखान्यात शौर्याची म्हणून पाहिली.

चौथी गंजकी पायरी कुणालाच माहीत नव्हती, बाई. ती जगनच्या पायाखाली तुटली. डावा पाय मोडला, कमरेभर पाण्यात कपारीला धरून तो उभा होता, सदऱ्याच्या वरच्या खिशातला फोन कोरडा राहिला म्हणून निभावलं. हात वर केला तरच रेंज यायची. त्याची बायको निलम झेंडावंदनाला शाळेत गेलेली, तिचा फोन घरी चार्जिंगला, म्हणून शेवटी त्याने बेबीबाईंना लावला. चौदा मिनिटं तो एका हाताने दगड आणि एका हाताने फोन धरून होता.

बाजेवरून वर आल्यावर ओठ निळे पडलेले असताना तो मला पहिलं वाक्य बोलला. तो आपल्या बोलीत बोलला, मी इथे मराठीत लिहितो, म्हणजे थोडी लबाडी त्यातही आली. तो म्हणाला, "खालून तुझा आवाज ऐकू येत होता. हाक आली की आधी वळवा, म्हणत होतास. मला वाटलं, चला, हा इथंच आहे, ह्यालाच लावावा. फोन बंद होता काय रे तुझा?"

मी म्हणालो, "व्हय. डोक्यावर ते होतं ना. ऐकू नाही आलं."

तो म्हणाला, "मला वाटलंच." आणि सहा वर्षांनी माझा हात धरला. ट्रॉलीतून दवाखान्यापर्यंत धरून होता. माझा दुसरा हात त्या वेळी खिशात फोनवर होता, पडद्यावर ते तीन कॉल कुणाला दिसू नयेत म्हणून.

मग मिरवणुकीच्या मंडळाने मला शाल-श्रीफळ दिलं. भाषण झालं की नायकाने केवळ सोंग घेतलं नाही, ते जगून दाखवलं. मी उठून सांगणार होतो. उठलो, आणि 'आभारी आहे' म्हणालो. दगडोबाला नारळसुद्धा मिळाला नाही, आणि त्याने तो मागितलाही नाही. शिडी मी दुसऱ्याच आठवड्यात नवी बसवून घेतली. जगन आता कुबडी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतो, चहा पितो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "ह्याच्या कानात आवाज गेला असता तर पहिल्या मिनिटाला आला असता, माझा भाऊ हाये." दर वेळी हे ऐकून मी आत साखर आणायला जातो. आमच्याकडे साखर फार संपते असं शेजारी म्हणू लागले आहेत.

डायरीत मी या गोष्टीचं पान चार वेळा लिहिलं. पहिल्यात 'ऐकू आलं नाही' आहे. दुसऱ्यात 'नीट दिसलं नाही'. तिसऱ्यात 'भांडणाचा फोन वाटला', जे खरं आहे, पण भांडणाचा असता तरी उचलायला काय झालं होतं, याचं उत्तर त्यात नाही. चौथ्यात फक्त वेळा आहेत. नऊ एक्केचाळीस, नऊ त्रेचाळीस, नऊ अठ्ठेचाळीस. ते पान मी खोडलेलं नाही.

तुझ्याकडे माझं काही मागणं नाही. तू थोरली आहेस, तुला माहीत असावं, एवढंच. तब्येतीला जप. दाजींना नमस्कार सांग.

तुझा भाऊ,
प्रेमसिंग

ता. क. सोबत मंडळाची शाल पाठवतो आहे. ऊबदार आहे, दाजींना पहाटे खोकल्याच्या वेळी उपयोगी पडेल. नारळ दगडोबाला नेऊन दिला. कशाबद्दल ते सांगितलं, तर तो म्हणाला, "सूचना मिळाली." तो हसला असावा असं मला वाटतं.

ता. क. दुसरा. माझं काही मागणं नाही, असं वर लिहिलं आहे ते खोडायचं राहिलं. हे पत्र पोस्टाने येणार नाही. जगनचं प्लास्टर निघालं, सोमवारी तो नागनाथाला नवस फेडायला औंढ्याला येतो आहे, पत्र त्याच्याच हाती देतो. पाकीट चिकटवलेलं नाही. घरात डिंक होता. तेव्हा पत्र हातात आलं की आधी पाकिटाच्या कडेला नख लावून बघ. शीत लागलं तर त्याला जेवायला वाढ आणि काही विचारू नकोस. उघडंच आलं, तर जेवण झाल्यावर चष्मा सापडत नाही म्हण, आणि त्याच्याकडूनच मोठ्याने वाचून घे. मला समोर बसून ते जमत नाही.

ता. क. तिसरा. फोनमध्ये त्याचं नाव आता 'जगन' असं केलं आहे. सोमवारी दिवसभर मी वाचनालयातच आहे, डोक्यावर काही नाही.