गेटबाहेरचा डबा

गुरुवार, मे १९९७

शहराबाहेरच्या करमणुकीच्या पार्कात आता घरचा डबा नेता येणार नाही. दुपारी त्यांच्या मॅनेजरनेच फोनवर पक्कं सांगितलं. बातमी उद्याच्या अंकात जाईल.

संध्याकाळी फ्रीगंजला ताईकडे गेलो. भाऊजी घरातही पार्कच्या कंपनीची निळी टोपी घालून बसलेले. पार्क उघडल्यापासून त्यांनी तिथली एका महिन्याचीही फेरी चुकवलेली नाही. बातमी सांगितली, तर म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं. सगळे घरून डबे आणतील, तर कँटीन कशी चालणार?"

पण ताईला शुगर आहे. दुपारी एकला घरची भाकरी लागतेच.

"मग तू गेटबाहेर जाऊन जेवून ये," भाऊजी तिला म्हणाले. "हातावर शिक्का मारतात. परत आत घेतात, काही दिक्कत नाही."

"आणि तुम्ही? टोपी सांभाळत बसाल?"

भाऊजींनी नुसती टोपी नीट केली. मी ताईची बाजू घेतली नाही. का? बातमी माझी होती, म्हणून? तसं म्हणायला सोपं आहे.

रविवारी सकाळी देवास गेटच्या बसस्टँडहून दोघं पार्कला बसने निघणार. ताई डबा घेणारच. एक वाजता ती बाहेर येऊन झाडाखाली बसेल. भाऊजी, माझ्या अंदाजाने, आतच राहतील.