गोड हाय, म्हणालीस

प्रिय ताई,

उद्या तुझं वर्षश्राद्ध. गावकऱ्यांनी संध्याकाळी सभा ठेवली आहे आणि ‘कॅन्सरशी झुंज’ या विषयावर मी बोलायचं आहे. माइक हातात आला की पेटणारा मी, पण आज दुपारपासून मला एक वाक्य सुचत नाही. म्हणून तुलाच लिहितो. कसली झुंज गं? लढायला जागा तरी कुठे होती?

अकोल्याचे डॉक्टर स्पष्ट बोलले होते. आजार यकृतात पोचलाय, बरा होणार नाही. केमोने काही महिने वाढतील, कदाचित. त्या महिन्यांत उलट्या, ताप, बधिर बोटं, तेही कदाचित. या दोन ‘कदाचित’च्या मध्ये तुला बसवून आम्ही तुझ्या तोंडाकडे पाहत होतो.

दोन डोस घेतलेस. मग तो बाजारचा दिवस आला. रिसोडात तुझी काकडी लोक डोळे मिटून घ्यायचे, कारण प्रत्येक वेलाची एक तू आधी चाखायचीस आणि कडू वेल उपटून टाकायचीस. त्या दिवशीही चाखूनच नेली होतीस, तरी तुझं नेहमीचं गिऱ्हाईक, नसीमभाभी, पिशवी घेऊन परत आल्या. “बाई, बुरा मत मानना. सब कडवी निकली.”

घरी येऊन तू म्हणालीस, “आता बस. नाई जात मी अकोल्याले.”

मी उसळलो! विज्ञान, जिद्द, सगळं काढलं. तू भाऊजींना म्हणालीस, “याले पानी द्या हो. सभा लय लांबली.” मग माझ्याकडे वळलीस. “दिगू, तोंडात लोखंड धरल्यावानी जगून राह्यली मी. त्या वाढीव महिन्यांचं करू काय? एकडाव चव येऊ दे, मंग मरन बी चालते मले.”

पण ताई, ते महिने आम्हाला हवे होते. एकदा तरी विचारायचंस!

शेवटच्या आठवड्यात भाऊजींनी तुला उचलून मळ्यात नेलं. तू काकडी तोडलीस, देठाकडून चावलीस. किती वेळ चघळत होतीस! “गोड हाय,” म्हणालीस आणि उरलेली माझ्या हातात दिलीस.

कडू जहर होतं गं ते. मी सगळी खाल्ली. “गोडच हाय,” म्हणालो. भरसभेत खोट्याला खोटं म्हणणारा मी!

तुला खरंच कळलं नव्हतं, की तूही भाऊजींसाठीच बोललीस? आता कुणाला विचारू? महिने तर गेलेच, चव आली की नाही तेही कळलं नाही. केमो चालू ठेवली असती तर? रोज हाच प्रश्न घेऊन उठतो. उत्तर नाही, आणि मिळालं तरी तू येणार नाहीस.

भाऊजी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, “जायच्या आंदी तिले चव आली होती.” तेवढं बोलले की दोन घास खातात.

उद्या ते पहिल्या रांगेत बसतील. मी ‘झुंज’ म्हणणार नाही. उठेन, त्यांच्याकडे बघेन आणि सांगेन, ती काकडी गोड होती. वचन देतो. हे खोटं मी मरेपर्यंत सांभाळेन.

तुझा धाकटा,
दिगू