तणसातला स्टुडिओ

२० ऑक्टोबर २००४, सकाळी
आजपासून रोज लिहाचं. पुढं कोणी विचारलं, अहेरीत पहिला डिजिटल स्टुडिओ कसा उभा झाला, तर पुरावा पाहिजे.
अडचण एकच होती. कॉम्प्युटरच्या डब्ब्याचा पंखा धानाच्या गिरणीसारखा घरघर करते आन् सारी घरघर माइकमधी येते. नागपूरचा कॉम्प्युटरवाला म्हणे, लांब वायर घ्या, डब्बा दुसऱ्या खोलीत ठेवा. येडा. मी डब्बा सरळ बाबाच्या रिकाम्या धानाच्या ढोलीत उतरवला, चहूबाजूनं धानाचं वाळलं तणस दाबून भरलं, वरून घोंगडी. आवाज खतम! आंबे पिकवाले सारेच तणस वापरतेत. डोकं कोणी वापरत नाई.

२२ ऑक्टोबर, दसरा
ढोलीची पूजा केली. (डब्बा आत आहे.)
अंजनाबाई आल्या होत्या. झाडीपट्टीच्या नाटकात अर्धी जिंदगी गायलेली बाई. त्याईच्या गळ्यात गाठ निघाली. भाऊबीज झाली की नागपूरले ऑपरेशन. मागून आवाज राहील का नाई, डॉक्टर सांगत नाई. म्हणून आधी आपले आठ गाणे नातीसाठी भरून ठेवाचे, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते तिथी कॅसेटही निघाली तर बरं, एवढंच त्याईचं म्हणणं. विचारत होत्या, होते ना भाऊ? मी म्हणलो, बाई, डिजिटलमधी असं विचारत नसतेत.
कॅसेटचे कव्हर छापाले टाकले. 'ध्वनिमुद्रण व तंत्रज्ञान : प्रफुल'. मोठ्या अक्षरात.

२३ ऑक्टोबर
पहिलं गाणं. दोन कडवे झकास. तिसऱ्यात स्क्रीन निळी, सारं गायब. पुन्हा चालू केला, पुन्हा गायब.
निदान : बाईचा वरचा सूर. विलायती सॉफ्टवेअरले अशा गळ्याची सवय नाई. हळू गा म्हणलो. त्या म्हणाल्या, हळू गायलं तर गाणं नाई होत, गाऱ्हाणं होते. तरी गायल्या बिचाऱ्या. तिसऱ्या कडव्यातच गेलं.

२५ ऑक्टोबर
एसटीडीवाल्याच्या इंटरनेटवरून कंपनीले मेल ठोकला. कडक इंग्रजीत. 'युवर सॉफ्टवेअर इज फेंटिंग डेली.' आता हलतील.

२८ ऑक्टोबर
हलले. कोणी पीटर आहे. माफी मागते आन् वरून मलेच प्रश्न विचारते. क्रॅश व्हाच्या आधी तुम्ही नेमकं काय केलं? अरे, काय केलं म्हणजे? गाणं केलं! शेवटी विचारते, कॉम्प्युटरले मोकळी हवा भेटते का, गरम तर होत नाई?
घ्या! गडचिरोलीच्या माणसाले हा गोरा गरमी शिकवते. आमचा मे पाहिला असता तर मेल लिहाले उरला नसता. आता तर हिव पडून राह्यलं. कळवलं, 'क्लायमेट व्हेरी प्लेझंट.'

३ नोव्हेंबर
हार्मोनियम बदलली. क्रॅश. स्टॅबिलायझर आणला. क्रॅश. कंपनी बोगस आहे, हे आता सिद्ध झालं.
बसस्टँडजवळचा कॅसेटवाला रफीक भेटला. म्हणे, प्रफुलभाऊ, बाईले पाठवा ना माझ्याकडं, टेपवर घेऊन टाकू. टेप! मी तिथीच हसलो. त्याच्या दुकानात कोंबडे फिरतेत.
घरी येऊन पाहतो तर ढोलीत सीताफळं! बायकोचे पराक्रम. कुंता म्हणे, इथी एका रात्रीत पिकतेत, इतकी ऊब दुसऱ्या कोणत्याच तणसाले नाई. मी झापलं, हे रेकॉर्डिंग सेंटर होये, आढी नाई. अडाणीपणाले औषध नाई.
सीताफळ मात्र गोड होतं.

९ नोव्हेंबर
बाई रोज येतेत. पहिलं गाणं इतक्या वेळा गायल्या की आता कुंताही चूल फुकता फुकता तेच म्हणून राह्यली. आज त्याईचा गळा दुखत होता. गरम पाणी पिऊन बसल्या आन् विचारलं, भाऊ, आज तरी राह्यते का?
मले लई वाईट वाटलं. पीटरचा असा राग आला!
ठरलं. दिवाळीनंतर शेवटची बैठक, आठही गाणे एका दमात. घरघरीची थोडीही रिस्क नको म्हणून तणस आणखी दाबलं, घोंगडी डबल केली.

१६ नोव्हेंबर
पहिल्याच कडव्यात गेलं.
बाई उठल्या. पदर सारखा केला, चपला घातल्या. मी खिडकीतून पाहत होतो. घराकडं न जाता बसस्टँडकडं वळल्या. गळ्याचं औषध घ्याले गेल्या असतील.

२४ नोव्हेंबर
मंडई. रफीकच्या दुकानावर भोंगा लावलेला आन् भोंग्यातून अंजनाबाई. आठही गाणे, वरच्या सुरात, एका बैठकीत. मागं एक कोंबडाही आरवते. लोक आकाशपाळणा सोडून उभे होते. मी फक्त तांत्रिक बाजू ऐकली. खरखर फार आहे.
डोळ्यात धूळ गेली. मंडईत धूळ असतेच.

२८ नोव्हेंबर
धान घरी आलं. कुंतानं ढोली मागितली नाई, रिकामीच केली. डब्बा टेबलावर उघडा. मुद्दाम चालू ठेवून पाहिला. दिवसभर चालला!
म्हणजे पीटरनं तिकडूनच रिपेर केलं. घरी फोनची लाइन नाई, पण हे लोक काय नाई करत? मेल केला, 'थँक्यू, बट टू लेट.'

५ डिसेंबर, दुपारी
अंजनाबाई नागपूरवरून आल्या. गळ्याले पट्टी. बोलाले मनाई. आवाजाचं अजून काही सांगता येत नाई.
कॅसेट दिली. कव्हरवर 'गायिका : अंजनाबाई. ध्वनिमुद्रण : रफीक.' त्याच्या खाली, 'तालीम : प्रफुलभाऊच्या घरी.' बाईनंच सांगून टाकाले लावलं म्हणे. त्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं पाहत हसून राह्यल्या होत्या. कुंता म्हणाली, रफीक सांगत होता, बाईची एवढी तयारी होती की एकदाही थांबा लागलं नाई.
तालीम!
मी तरी सवयीनं कॉम्प्युटर चालू केला, माइक त्याईच्या पुढं सरकवला. त्याईनं पट्टीले हात लावला आन् मान हलवली. मग कुंतानं शेवटचं सीताफळ फोडून दिलं. बाई हळूहळू खात बसल्या.
माइक चालूच राहून गेला होता. मागून ऐकलं. सारी पंख्याची घरघर, मधी मधी ताटलीत बिया पडल्याचा आवाज. पार शेवटपर्यंत. एकदाही बंद पडला नाई.