हायब्रिड गाडीतून ग्राहकाला उतरू देण्याबाबत

प्रति,
मा. परवाना अधिकारी,
वाहन सेवा केंद्रे शाखा,
दुसरा मजला, झेरॉक्स मशीनच्या मागची खोली.

विषय: ऑइल बदलत असताना हायब्रिड गाडीच्या ग्राहकास खाली उतरू देण्याची व गाडीची किल्ली लांब ठेवण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच माझ्या सासूबाईंची खुर्ची परत मिळणेबाबत.

संदर्भ: १) आमचा ‘बसल्या जागी सेवा’ या वर्गाचा परवाना.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) आपली तीन पत्रे, ज्यांत उत्तर सोडून बाकी सर्व आहे.

महोदय,

१. मी खाली सही करणारी, चौकातल्या टायरवाल्याशेजारच्या झटपट ऑइल बदल केंद्राची परवानाधारक आहे. वर बॉनेट आणि गल्ला मी बघते, खाली खड्ड्यात माझे पती असतात. गाडी खड्ड्यावर येऊन उभी राहते, ग्राहक आत बसून मोबाइल बघतो, आणि त्याचा चहा संपेपर्यंत जुने ऑइल काढून, फिल्टर बदलून, नवे ऑइल भरून आम्ही त्याला वाटेला लावतो. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘उतरू नका, आम्ही आहोत.’ गेली कित्येक वर्षे या पाटीवर आमचे घर चालले. आता येता-जाता ती दिसली की अंगाचा तिळपापड होतो.

२. आमच्या कामात आरोळी महत्त्वाची. मी वरून इंजिन बंद असल्याची खात्री करून ‘बंद आहे!’ असे ओरडते. ते ऐकल्याशिवाय माझे पती चेंबरच्या नटाला पाना लावत नाहीत. नट निघाला की ते खालून ‘सुटलं!’ म्हणतात. पेट्रोलच्या गाडीचे एक बरे होते, चालू असली की ती स्वतःच बोंबलून सांगायची. हायब्रिड गाडीचे तसे नाही. तिच्यात पेट्रोलचे इंजिनही असते आणि मोठी बॅटरीही. बटण दाबले की गाडी चालू होते, पण आवाज शून्य. एसी चालतो, दिवे लागतात, इंजिन मात्र झोपलेले. आणि बॅटरी थोडी उतरली की ते आपणहून उठते, कोणाला विचारत नाही. म्हणजे मी वरून ‘बंद आहे!’ असे ओरडते तेव्हा मी खरे बोलते की खोटे, हे मलाच ठाऊक नसते. नवऱ्याला खड्ड्यात उभे करून हे असे ओरडायचे काय असते, ते आपल्या खोलीत बसून कळणार नाही.

३. घडले ते असे. एक कापड दुकानदार नवी हायब्रिड घेऊन आले. भला माणूस. मी सांगितल्यावर त्यांनी गाडी बंद केली. मी खात्री केली, ओरडले. खाली नट निघाला, ऑइल पडू लागले, आणि माझ्या पतींनी वेळ वाचावा म्हणून फिल्टरही फिरवायला घेतला. आत बसलेल्या दुकानदारांना उकडले. त्यांनी एसीसाठी बटण दाबले. ना आवाज, ना थरथर. मला कसे कळणार? थोड्या वेळाने इंजिन उठले आणि उरलेले गरम ऑइल फिल्टरच्या जागेतून पिचकारीसारखे बाहेर आले. माझ्या पतींचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. कानशीलही भाजले. चष्मा होता म्हणून डोळा वाचला, नाहीतर आज हा अर्ज वेगळाच असता. दुकानदार स्वतः त्यांना दवाखान्यात घेऊन गेले आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. त्यांना काय बोलणार? त्यांनी आमच्या परवान्याचा नियमच पाळला होता. ते गाडीत बसून होते.

४. म्हणून मी पहिला अर्ज केला. मागणी एवढीच होती की हायब्रिडच्या ग्राहकाने गाडी बंद करून खाली उतरावे आणि किल्ली लांब, गल्ल्यामागच्या खिळ्यावर टांगावी. किल्ली लांबच हवी, कारण ती नुसती खिशात असली तरी बटण दाबताच गाडी चालू होते. यावर आपण कळवले की खाली उतरलेला ग्राहक हा ‘थांबलेली व्यक्ती’ ठरतो. थांबलेल्या व्यक्तीस प्रतीक्षागृह, पंखा, पिण्याचे पाणी व स्वच्छतागृह द्यावे लागते. आणि किल्ली आमच्याकडे आली की वाहन आमच्या ‘ताब्यात’ आले, त्यासाठी वर्ग वेगळा, जागा चौपट. साहेब, आमच्या दुकानात खड्डा आहे, डब्यांची मांडणी आहे आणि गल्ला आहे. प्रतीक्षागृह बांधायचे तर खड्ड्यातच बांधावे लागेल. त्याच पत्रात आपण असेही सुचवले की ग्राहकाच्या बोटावर लक्ष ठेवण्यासाठी एक कर्मचारी नेमावा व त्याने डोळ्यांत तेल घालून काम करावे. पत्र माझ्या पतींनी स्वतः वाचले. तेल डोळ्यांत जाता जाता राहिलेल्या माणसाला असे लिहू नये, एवढेच मी नम्रपणे म्हणते.

५. दुसऱ्या अर्जात मी विचारले की ग्राहक फुटपाथवर उभा राहिला तर? आपण तो अर्ज रस्ते शाखेकडे टोलवला. रस्ते शाखेने कळवले की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, उभे राहणे म्हणजे अडथळा. चालत राहिल्यास कोणाचीच हरकत नाही. तिसऱ्या अर्जात मी हात टेकले आणि विचारले, मग हायब्रिड गाड्या आम्ही घेतल्याच नाहीत तर? उत्तर आले की परवानाधारकास कोणतेही वाहन नाकारता येणार नाही. म्हणजे गाडी घ्यायचीच, ग्राहकाला उतरवायचे नाही, आणि किल्लीला हात लावायचा नाही. बरे, नाकारून तरी खाणार काय? चौकातल्या निम्म्या टॅक्सी आता हायब्रिड आहेत.

६. या काळात माझ्या सासूबाईंनी आपल्या परीने मार्ग काढला. त्या टायरवाल्याच्या दारात खुर्ची टाकून भाजी निवडत बसू लागल्या. हायब्रिड गाडी आली की हाक मारायच्या, “अरे बाळा, जरा इकडे ये, मला नीट दिसत नाही, ही पालक बघ बरं निवडली का.” माणूस उतरायचा. म्हातारी बोलावते म्हटल्यावर कोण बसून राहील? किल्ली त्याच्याच खिशात, पण माणूस टायरवाल्याच्या दारात. माझे पती निर्धास्त काम करायचे, आणि आमची पालकही निवडून व्हायची. एकदा तर एका वकिलांनी मेथीच्या दोन जुड्या निवडून दिल्या. आपल्या निरीक्षकांनी अचानक भेट दिली आणि पंचनाम्यात लिहिले, ‘एक खुर्ची व एक वृद्ध महिला : अनधिकृत प्रतीक्षागृह.’ खुर्ची जप्त झाली. वृद्ध महिला जप्त झाली नाही, हे आपल्या कार्यालयाचे नशीब. सासूबाई तेव्हापासून रोज विचारतात, “माझी खुर्ची कोणता साहेब बसायला वापरतोय?” त्यांची कंबर धरते. कृपया खुर्ची परत करावी. हिरवी आहे, एक पाय किंचित आखूड आहे.

७. आता मला जे लिहायचे आहे ते कोणत्या नियमात बसते, मला ठाऊक नाही. माझ्या पतींचा हात बरा झाला. कातडी आली, थोडी गुलाबी आहे, पण पाना धरता येतो. पण आमच्या घरातला फ्रिज आपोआप चालू होतो ना, त्याचे यंत्र घुर्र करून उठते, तेव्हा हे ताटावरून हात मागे घेतात. प्रत्येक वेळी. मग जेवायला लागतात, जणू काही झालेच नाही. एकदा मी फ्रिज बंदच करून ठेवला तर दूध नासले, आणि ते मला म्हणाले, “असं नको करूस.” खड्ड्यात उतरताना ते पूर्वी काहीबाही गुणगुणायचे, ते आता बंद आहे. महोदय, मला भीती वाटते. हे मी अर्जात लिहू नये, असे अर्ज लिहून देणाऱ्या काकांनी सांगितले, म्हणून हा अर्ज मी त्यांच्याकडून लिहवून न घेता स्वतः लिहीत आहे.

८. आता आजच्या प्रसंगाकडे येते. आज सकाळी आमच्या खड्ड्यावर एक पांढरी गाडी येऊन उभी राहिली. हायब्रिड. दारावर आपल्या कार्यालयाचे नाव. आपल्या चालकाने सांगितले की ही गाडी खास आपल्या वापरातली आहे आणि ऑइल बदलायची वेळ उलटून गेली आहे. मी त्यांना म्हटले, दादा, गाडी बंद करून जरा खाली उतरा. ते म्हणाले, “ताई, आमच्या साहेबांनी बजावलंय, नियमाप्रमाणे गाडीतच बसून राहायचं.” एसी चालूच होता. माझे पती खड्ड्याच्या पायऱ्यांवर उभे होते, एक पाय खाली, एक वर, आणि भाजलेला हात कठड्यावर. त्यांनी माझ्याकडे पाहिले. एसी चालू असताना ‘बंद आहे’ असे मी ओरडणार कसे? गाडी नाकारता येत नाही. चालकाला उतरवता येत नाही. किल्ली घेता येत नाही. मला अक्षरशः रडू कोसळले, आणि मग, खरे सांगते, संताप आला.

९. संतापाच्या भरात मी आपली तिन्ही पत्रे काढून पुन्हा वाचली. आपल्या नियमांत थांबलेल्या माणसाला बंदी आहे, चालणाऱ्याला नाही. किल्ली आमच्या ताब्यात असायला बंदी आहे, आपल्या ताब्यात असायला नाही. म्हणून मी आपल्या चालकाला विचारले, दादा, कार्यालयाचे टपाल नेणे तुमच्या कामात बसते का? ते म्हणाले, रोजचेच आहे. भला माणूस आहे, त्यांना रागावू नये. हा अर्ज ते स्वतः आपल्या हाती देत आहेत. त्यांनी गाडी बंद केली, डॅशबोर्डवरचा हिरवा दिवा विझल्याचे मी व माझ्या पतींनी दोघांनीही डोळ्यांनी पाहिले, आणि मगच ते खाली उतरले. ते आमच्याकडे थांबलेले नाहीत. ते कार्यालयीन कामासाठी चालत येत आहेत, फुटपाथवरून, रस्ते शाखेच्या म्हणण्याप्रमाणे. किल्ली मी हातात घेतलेली नाही. ते स्वतःच ती या अर्जाच्या पाकिटात टाकतील, मी फक्त पाकीट चिकटवीन.

१०. हा मजकूर मी माझ्या पतींना मोठ्याने वाचून दाखवला. सातवा परिच्छेद वाचला नाही. ऐकून त्यांनी पाना उचलला. आपले चालक कोपऱ्यावरून दिसेनासे झाले की ते खाली उतरतील. मी वरून ‘बंद आहे!’ असे ओरडेन, आणि फार दिवसांनी ते अगदी खरे असेल, कारण गाडी सुरू करण्याचे एकमेव साधन आपल्या टेबलावर असेल.

११. तरी महोदयांनी माझ्या मागणीचा सहानुभूतीने विचार करावा. मागचे तीन अर्ज मी ‘तातडीचे’ असे लिहून पाठवले होते. हा तसा नाही. आपण सावकाश विचार करावा, फाइल मागवावी, चहा घ्यावा. ऑइल पूर्ण निथळायला वेळ लागतो, आणि माझ्या पतींना आज घाई करू द्यायची नाही असे मी ठरवले आहे. आपला निर्णय झाला की चालकांबरोबर पाठवावा. गाडी तयार असेल. खुर्चीही त्यांच्याच हाती दिल्यास सासूबाई आशीर्वाद देतील.

आपली नम्र (आज तरी),
(सही)
परवानाधारक, झटपट ऑइल बदल केंद्र,
चौक, टायरवाल्याशेजारी

दिनांक : हा अर्ज आपल्या हाती पडेल तोच

सोबत जोडले आहे :
१) परवान्याची प्रत.
२) आपल्या तिन्ही पत्रांच्या प्रती.
३) माझ्या पतींच्या उजव्या हाताचा, दवाखान्यात काढलेला फोटो.
४) आपल्या गाडीची किल्ली, एक. मूळ. प्रत काढता आली नाही.