रुखमा नाही असं समजून

डोमाजीभाऊ, तुम्हाला आणि घरातल्या लहानथोरांना खुशालचा सप्रेम जयभीम.

गुडघे कसे आहेत? वहिनीबाईंचा खोकला थांबला का? तुमच्याकडे आमच्या घरचं जे एक माणूस टोपलीसकट येऊन राहिलं आहे, त्यालाही विचारलं म्हणून सांगा. ते कधी परत येणार, हे मी विचारत नाही. मी आता विचारण्यापलीकडे गेलो आहे.

तुमच्या बहिणीनं तिची बाजू सांगितलीच असेल, आता माझी ऐका. चंद्रपूरला कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या नातीनं, साक्षीनं, माझ्या मोबाइलवर जुन्या ग्रीक लोकांच्या तत्त्वज्ञानाची भाषणं घालून दिली. (माझी शाळा सातवीपर्यंत, बाकीची अक्कल वाचनालयातली, हे तुम्ही जाणताच.) त्यांतला एक तर गुलाम होता, पायानं लंगडा. तरी म्हणे, मालक अंग बांधील, मन कसं बांधील? मला फार पटलं. पाऊस, वाघ, बायकोचा स्वभाव, यांतलं काही आपल्या हातात नाही. हातात फक्त आपलं मन. रुखमाला हे सांगितलं तर म्हणाली, विहारात दर रविवारी हेच सांगतात, तवा तुम्ही डुलक्या घेता.

त्या लोकांचा एक पाठ आहे. जे लाडकं, ते आज नाही असं सकाळी थोडा वेळ समजायचं, म्हणजे पुढं खरंच गेलं तर माणूस कोसळत नाही. मी बकरीपासून सुरुवात केली. जमलं. मग सायकल घेतली, तीही जमली. एके दिवशी रुखमा पहाटेच मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती, म्हटलं आज मोठा पाठ घेऊ. ओट्यावर डोळे मिटून बसलो आणि रुखमा नाही असं समजलो. भाऊ, हा पाठ इतका चांगला जमेल असं वाटलं नव्हतं. डोळ्यांना धार लागली, नाक वाहू लागलं. तेवढ्यात शेजारची गिरजाबाई आली, काऊन रडता म्हणाली. खोटं बोलायचं नाही हाही त्या लोकांचा नियम, म्हणून म्हटलं, "रुखमा नाई आता, बाई." पुढं 'असं समजून राह्यलो' म्हणायला तोंड उघडलं, पण हुंदका आला.

मोहाचे दिवस, पहाटेचं जंगल, त्यात वाघ फिरून राह्यला. आपल्याकडे एवढ्यावर कोणी दुसरं काय समजेल? सारं गाव काठ्या, डबे, फटाके घेऊन जंगलात शिरलं. (आमच्या गावच्या पोचूनं चालताचालता सरकारी मदतीचा अर्ज कुठं मिळतो तेही मला सांगून ठेवलं. माणूस चांगला आहे.) रुखमा आमच्या झाडाखाली, पालापाचोळा झाडून अंगणासारख्या केलेल्या जागेत, निवांत वेचत बसलेली. तिनं मान वर केली तर समोर अख्खं गाव आणि सगळ्यांत पुढं रडत मी. तिला जिवंत पाहून लोक आनंदानं तिथंच नाचले, फुलांचा चिखल झाला. फटाके ऐकून वनरक्षक आला आणि त्यानं तो भागच मोसमभर बंद केला.

घरी येऊन तिनं भात शिजवला. मी ताट घेऊन बसलो तेव्हा म्हणाली, "मी मेली नं? मंग मेलेल्या बाईच्या हातचा भात काऊन मांगता?" टोपली उचलली आणि तुमच्या नागभीडची बस धरली.

तरी मी खचलो नाही. घरात कोणी बोलत नाही, टोकत नाही. त्या गुलामालाही एवढी मोकळीक नव्हती.

आपला,
खुशाल

ता.क. मोकळीक जरा जास्त झाली आहे. भात रोज करपतो आणि बकरी माझ्याकडे पाठ करून बसते.

ता.क. दुसरा. तो पाठ मी सोडला. रुखमा नाही असं समजायला आधी ती घरात असावी लागते.

ता.क. तिसरा. हा मी तुमच्या फाटकाबाहेर उभ्यानं लिहितो आहे. पत्र तुमच्या सूनबाईच्या हाती आत पाठवतो. ऊन फार आहे, ग्रीक लोकांनी याचा विचार केलेला दिसत नाही. रुखमाला माझं नाव सांगू नका. दारात पाव्हणा आला आहे, पाणी घेऊन जा, एवढंच म्हणा.