तिन्ही अंकांत मीच

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठे नट लिहितात, पुढे चरित्रकारांची सोय होते. अर्थात ही कुणी वाचायची नाही.

वाचनालयाच्या नोटीस बोर्डावर कागद लागलाय. हौशी नाट्यमंडळाच्या वार्षिक नाटकासाठी ऑडिशन, गुरुवार ते रविवार, वरच्या हॉलमध्ये. वडील गेल्यावर घराची वाटणी करायला जमलेली भावंडं, असा विषय. मोठ्या भावाचं काम माझ्यासाठीच लिहिलंय. लेखकाला ते माहीत नसेल, इतकंच.

हिला सांगितलं. हिने विचारलं, याआधी कधी नाटकात काम केलंयस का. म्हटलं, अनुभव महत्त्वाचा नाही, आवाज महत्त्वाचा. मग वरच्या मजल्यावर जाऊन टीव्ही हळू लावा म्हणून तूच सांगून ये, म्हणाली. गेलो नाही. आवाज जपायला हवा.

बुधवार, ६ मार्च

संकल्प. पहाटे उठून आवाजाचा रियाज. थंड पाणी बंद. आरशासमोर अर्धा तास. पोट आत.

आमच्या चष्म्याच्या दुकानात नजर तपासताना, आता बरं दिसतंय की मघाशी दिसत होतं, हे वाक्य मला दिवसभर म्हणावं लागतं. आज ते करुण रसात म्हणून पाहिलं. एक आजोबा खुर्चीतून उठलेच. जे काय झालंय ते स्पष्ट सांगा म्हणाले. म्हणजे परिणाम होतोय. मालकांनी आत बोलावून झापलं. कलेची कदर नाही.

पहाटे उठणं जमलं नाही. उद्यापासून.

गुरुवार, ७ मार्च

दिग्दर्शिका दातांची डॉक्टर आहे. कुणी तोंड उघडलं की तिचं लक्ष आधी दाढांकडे जातं. मी मोठ्या भावाचा उतारा वाचला. हॉलमध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. हेलावल्या होत्या. मग म्हणाल्या, उद्याही याल का, बाकीच्यांच्या समोरचे संवाद वाचायला कुणीतरी हवंय.

पहिल्याच दिवशी पुन्हा बोलावणं. असं फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

शुक्रवार, ८ मार्च

आज जो येईल त्याच्यासमोर मीच. बहिणीचं काम मागणाऱ्या शिक्षिकेसमोर भाऊ झालो, भावाचं काम मागणाऱ्या बेकरीवाल्यासमोर बहीण झालो. माझी रेंज तपासतायत. बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ घेऊन आला होता, पण वाचता वाचता खरंच रडला. समोर मी असल्यावर दुसरं काय होणार.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यासमोर कुणीही उठून दिसतं. अगदी हेच शब्द. विसरायच्या आत लिहून ठेवले.

रविवार, १० मार्च

ऑडिशन संपल्या. चारही दिवस बाईंनी मला सोडलं नाही. आता फक्त यादी लागायची औपचारिकता.

साडूंना फोन केला. हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. कुठल्याशा शर्यतीत मेडल मिळाल्यापासून त्यांच्या प्रत्येक फोनमध्ये त्यांचा गुडघा येतो. आज मी बोलत होतो आणि ते ऐकत होते. अशी वेळ लग्नानंतर प्रथमच आली. पहिल्या प्रयोगाला सगळ्यांना बोलावलं. आई, साडू, मेहुणी, हिचे आईवडील. दुसरी रांग आपलीच. मोठ्या भावाचं काम मिळालं असं मी म्हणालो नाही. मुख्य काम म्हणालो.

मंगळवार, १२ मार्च

यादी लागली. मोठा भाऊ : बेकरीवाला. हे शुद्ध राजकारण आहे. तो येताना गरम बिस्किटं आणत होता, ते मी पाहिलंय.

माझं नाव नाही. वरून खाली वाचली, खालून वर वाचली, गिऱ्हाइकांना लावतो तसा एकेक डोळा झाकून वाचली. नाहीच.

जिन्यात बसून राहिलो. रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही. साडूंना काय सांगायचं, हा प्रश्न होताच, पण तो नंतरचा. मला ते काम खरंच हवं होतं.

मग बाई खाली आल्या. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, एक काम राहिलंय, त्याला चेहरा तेवढा हवाय. भावंडांचे वडील. म्हणजे नाटकाचा कणा. सगळे बोलतात ते त्यांच्याबद्दलच. शिवाय तिन्ही अंकांत स्टेजवर. ताबडतोब हो म्हणालो.

ही म्हणाली, वडील तर पडदा उघडायच्या आधीच गेलेले असतात ना. म्हटलं, म्हणूनच तर अवघड आहे.

शनिवार, १६ मार्च

भूमिकेचा तपशील कळला. दिवाणखान्याच्या भिंतीवर वडिलांचा फोटो असतो. तो मी. संवाद नाहीत. उत्तम. संवादांवर विसंबतो तो नट कच्चा.

आई भडकली. धडधाकट माणसाने मेलेला म्हणून भिंतीवर लटकायचं हे तिच्या पचनी पडत नाही. हिने बहिणीला सांगून टाकलं. लगेच साडूंचा फोन. विचारत होते, तालमीला उभं करतात की टांगतात. येणार मात्र सगळे आहेत. येऊ देत.

बुधवार, २० मार्च

बाई म्हणाल्या, फोटोने तालमीला यायची गरज नसते. मी शिस्तीचा माणूस. गेलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. बेकरीवाला माझ्याकडे बघून बोलताना अडखळत होता. त्याला समजावलं की माझ्या कपाळाकडे बघत जा, डोळ्यांतलं तेज झेपणार नाही. बाईंनी मला चहा सांगून यायला पाठवलं. परत येईपर्यंत माझी जागा खुर्ची ठेवून अडवली होती.

रविवार, २१ एप्रिल

फोटो काढून घेतला. फोटोग्राफरला वाटत होतं, सरळ बसायचं आणि कॅमेऱ्यात बघायचं. नाटक त्याने वाचलेलं नाही. पहिल्या अंकात मुलं भांडतात तेव्हा वडिलांना वेदना होते. दुसऱ्यात त्यांना धाकट्याचा संशय येतो. तिसऱ्यात ते क्षमा करतात. फोटो मात्र एकच. तेव्हा डाव्या डोळ्यात वेदना ठेवली, उजव्यात संशय, क्षमा ओठांवर आणली. महिनाभर आरशासमोर हेच केलंय. फोटोग्राफरने मध्येच थांबून विचारलं, पोट दुखतंय का, बाथरूम मागच्या बाजूला आहे. दुर्लक्ष केलं.

ही फोटो बघून पटकन उठली. स्वयंपाकघरात गेली. तिचे खांदे हलत होते. भावनावश झाली असावी.

गुरुवार, २ मे

रंगीत तालीम. दिवाणखान्याच्या मधोमध मी, फ्रेममध्ये. खाली खुर्चीत मी, बघायला.

दुसऱ्या अंकात शिक्षिका म्हणते की बाबांनी आयुष्यात कुणावर संशय घेतला नाही. म्हणाली, वर बघितलं आणि तिला हसू फुटलं. मग दिवेवाल्याला. तिसऱ्या अंकात बेकरीवाला माझ्यापुढे हात जोडून रडतो. त्याने मान वर केली आणि तोंडावर रुमाल दाबून विंगेत पळाला, तो आलाच नाही. अख्खा सीन एकट्या फोटोने खाल्ला. सहकलाकारांबद्दल वाईट वाटलं, पण मी तरी काय करू.

बाई म्हणाल्या की फोटो ओव्हरअ‍ॅक्टिंग करतोय. मग थोड्या सावरून म्हणाल्या, तुम्ही काळजी करू नका, फोटोचं मी बघते. लाइट कमी करणार असतील. ठीक आहे. मला अंधारातही जमतं.

शनिवार, ४ मे

केस कापले. नवा शर्ट. शेवटी लोक स्टेजवर बोलावतील, तेव्हा काय बोलायचं ते पाठ केलंय. आधी बाईंचे आभार, मग बेकरीवाल्याला उत्तेजन. गुडघ्याचा उल्लेख टाळायचा, आज आपला दिवस आहे. निघतो.

रविवार, ५ मे

प्रयोग झाला.

पडदा उघडला. भिंतीवर भलताच माणूस. पांढऱ्या मिशा, टक्कल, तोंडावरची माशी हलणार नाही असा. नंतर कळलं. नव्या फ्रेममध्ये दुकानवाले नमुन्याला कुणाचातरी फोटो घालून देतात. बाईंनी मला काढलं, माझ्या मागे ते होतेच, त्यांना राहू दिलं. त्या गृहस्थांनी एकही तालीम केली नव्हती.

दुसऱ्या रांगेत मी मधोमध बसलो होतो, दोन्ही बाजूंना सगळं घर. हिने तेवढं ओळखलं. माझ्या हातावर हात ठेवला आणि तिन्ही अंक काढला नाही.

बेकरीवाला त्या फोटोसमोर रडला तेव्हा थिएटर रडलं. मीही रडलो, पण माझं वेगळं होतं. आणि खरं लिहायचं तर तो माणूस चांगला होता. काहीच करत नव्हता. भावंडं जे बोलतील ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बाहेर आल्यावर साडूंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, टिंगल करायला आलो होतो, पण शेवटी म्हाताऱ्याने सगळ्यांना माफ केल्यासारखं वाटलं, मानलं तुम्हाला. मेहुणी म्हणाली, डोळे तुमचेच, पण मिशा आणि टक्कल इतकं हुबेहूब कसं जमवलं. आईचा नंबर वाढलाय, तिचं समजू शकतो. साडूंची नजर मात्र ठणठणीत आहे, गेल्याच महिन्यात मी स्वतः तपासली.

मेकअप चांगला होता, म्हणालो.

आज सकाळी आईचा फोन आला. जन्मात पहिल्यांदा तुझा एक फोटो धड आलाय, म्हणाली. रात्रीच तिने बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वरची जागा मोकळी केलीय. तिला त्याची एक कॉपी हवीय, फ्रेमसकट.

उद्या दुकान सुटलं की फ्रेमवाल्याकडे जाऊन येतो. ही म्हणाली दोनच घे, ताईकडेही मागतायत.